क्रिप्टो ऑप्शन्सचे ग्रीक्स एपीआयमधून कसे काढायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाव, चढउतार किंवा वेळ बदलली की ऑप्शनची किंमत किती हलेल हे सांगणारे आकडे म्हणजे ग्रीक्स, आणि एक्स्चेंजच्या सर्व्हरकडून प्रोग्रॅमनं डेटा मागायची सोय म्हणजे एपीआय. ग्रुपवर तेच तेच प्रश्न येतात आणि मी तीच तीच उत्तरं टाइप करतो, म्हणून एकदाचं सगळं इथं लिहून ठेवलंय. उदाहरणं बहुतेक डेरिबिट या क्रिप्टो एक्स्चेंजची आहेत, कारण बिटकॉइन आणि इथरच्या ऑप्शन्सचा मोठा धंदा वर्षानुवर्षं तिथंच होतोय (२०२५ मध्ये कॉइनबेसनं ते विकत घेतलं, पण एपीआय वापरणाऱ्याच्या दृष्टीनं ते डेरिबिटच). कोडमधली नावं मी देवनागरीत लिहिलीयत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं, आणि दोन शब्दांच्या मधे अंडरस्कोअर.

१. ग्रीक्स मागितले की हातात नेमकं काय येतं?

पाच आकडे: डेल्टा, गॅमा, व्हेगा, थीटा, ऱ्हो. त्यांच्यासोबत मार्क प्राइस (एक्स्चेंजनं स्वतः काढलेली किंमत), मार्क आयव्ही (आयव्ही म्हणजे इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, ऑप्शनच्या भावात धरलेला वर्षाचा चढउतार), बिड आयव्ही (घेणाऱ्याच्या भावातली), आस्क आयव्ही (विकणाऱ्याच्या भावातली), अंडरलाइंग प्राइस आणि मिलिसेकंदातला टाइमस्टॅम्प. व्याख्या पाठ करण्यापेक्षा एक उदाहरण डोक्यात ठेवा, पुढं सगळीकडे मी हेच वापरणारे. फ्युचर (पुढच्या तारखेचा सौदा) १,००,००० डॉलरला, स्ट्राइक (ऑप्शनमधला ठरलेला भाव) १,००,०००, एक्स्पायरीला ३० दिवस, आयव्ही ५० टक्के, व्याजदर शून्य. या कॉलची (म्हणजे स्ट्राइकच्या भावाला घ्यायच्या हक्काची) किंमत साधारण ५,७१४ डॉलर येते. डेल्टा ०.५२९, म्हणजे फ्युचर १०० डॉलर वर गेलं तर कॉल साधारण ५३ डॉलरनं वाढेल. व्हेगा ११४, म्हणजे आयव्ही ५० ची ५१ झाली तर ११४ डॉलर जास्त. थीटा उणे ९५, म्हणजे काहीच न घडता एक दिवस गेला की ९५ डॉलर गळाले. गॅमा ०.००००२७८, म्हणजे फ्युचर १ डॉलरनं हललं की डेल्टा एवढ्यानं बदलेल, त्याची वेगळी कटकट आहे, प्रश्न ८ बघा. ऱ्होकडे (व्याजदराचा परिणाम) मी बघत नाही, तुम्हीही नाही बघितलंत तरी चालेल.

२. यासाठी अकाउंट, केवायसी, एपीआय की वगैरे लागतं का?

बाजारभावाचा डेटा आहे हा, पब्लिक आहे. डेरिबिटच्या ज्या मेथडच्या नावात सुरुवातीला 'पब्लिक' असतं तिला लॉगिन लागत नाही. 'प्रायव्हेट' असेल तिला लागतं, म्हणजे तुमच्या स्वतःच्या पोझिशनचे ग्रीक्स (प्रश्न १३). कुणी 'ग्रीक्स दाखवतो, तुमची की द्या' म्हणत असेल तर त्याला लांबूनच नमस्कार करा.

३. मला कोडिंग येत नाही, तरी जमेल का?

एखाददुसऱ्या स्ट्राइकसाठी आरामात. डेरिबिटची पब्लिक टिकरची (ताजा भाव सांगणाऱ्या मेथडची) लिंक ब्राउझरच्या पट्टीत टाकायची, शेवटी इन्स्ट्रुमेंट नेम (ऑप्शनचं नाव, प्रश्न ५ बघा) जोडायचं आणि एंटर मारायचं, समोर जो मजकूर येतो त्यात 'ग्रीक्स' नावाचा कप्पा असतो. एक्सेल वापरत असाल तर डेटा टॅबमधून गेट डेटा, मग फ्रॉम वेब, तीच लिंक पेस्ट करा, 'रिझल्ट' उघडा, त्यातला 'ग्रीक्स' उघडा, झालं. गूगल शीट्समध्ये मात्र असं सरळ होत नाही, जेसन (एपीआयच्या उत्तराचा साचा) वाचायला ॲप्स स्क्रिप्टचे चार ओळींचे का होईना पण कष्ट घ्यावे लागतात. निफ्टीवरून आलेल्यांना एक सांगतो, एनएसईच्या साइटवरच्या ऑप्शन चेनमध्ये (सगळ्या स्ट्राइकच्या तक्त्यात) आयव्हीचा कॉलम असतो पण ग्रीक्स नसतात, त्या मानानं इथं चंगळ आहे.

४. पायथनमध्ये सगळ्यात कमी त्रासाचा रस्ता कुठला?

सीसीएक्सटी. ही ओपन सोर्स लायब्ररी आहे, बऱ्याच एक्स्चेंजच्या एपीआयना एकाच नावानं हाक मारता येते एवढंच तिचं काम. पिपनं इन्स्टॉल करा, डेरिबिटचा ऑब्जेक्ट बनवा, लोड मार्केट्स चालवा आणि मग 'फेच ग्रीक्स'ला सिम्बॉल द्या. उत्तरात डेल्टा, गॅमा वगैरे सुट्टे सुट्टे येतात आणि 'इन्फो' नावाच्या कप्प्यात एक्स्चेंजनं पाठवलेलं मूळ उत्तर जसंच्या तसं असतं. या इन्फोची सवय लावून घ्या, कारण लायब्ररी नावं सारखी करते पण एककं सारखी करत नाही (हे पुढं प्रश्न ६ आणि ७ मध्ये फार नडतं). आणि प्रत्येक एक्स्चेंजसाठी फेच ग्रीक्स असतोच असं नाही, आधी ऑब्जेक्टच्या 'हॅज' यादीत बघून घ्या, नाहीतर नॉट सपोर्टेडची एरर बघून लोक मला स्क्रीनशॉट पाठवतात.

५. 'बॅड सिम्बॉल' येतंय. स्पेलिंग तर बरोबर आहे!

तीन कारणं असतात, बहुतेक वेळा पहिलंच. २७ मार्च २०२६ ची १ लाखाची कॉल घ्या. डेरिबिटवर तिचं नाव बीटीसी-२७मार२६-१०००००-सी (महिना तीन इंग्रजी कॅपिटल अक्षरांत). सीसीएक्सटीमध्ये तीच बीटीसी/यूएसडी:बीटीसी-२६०३२७-१०००००-सी, म्हणजे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. आणि डेल्टा एक्स्चेंज या भारतातल्या एक्स्चेंजवर सी-बीटीसी-१०००००-२७०३२६, म्हणजे आधी दिवस. एकच तारीख तीन तऱ्हांनी, आणि १०-११-१२ असल्या तारखेला तर एरर न येता दुसऱ्याच एक्स्पायरीवर जायची भीती.

दुसरं कारण, डेरिबिट दिवसाच्या आकड्याआधी शून्य लावत नाही, ५ तारीख म्हणजे नुसतं ५, ०५ नाही. तिसरं, काँट्रॅक्ट एक्स्पायर झालंय आणि तुमची सिम्बॉल यादी कालची आहे. हातानं नाव जोडण्याऐवजी गेट इन्स्ट्रुमेंट्सनं (सीसीएक्सटीमध्ये लोड मार्केट्सनं) यादी मागवा आणि त्यातून उचला, हा प्रश्नच मिटतो.

६. एकाच कॉलचा डेल्टा एकीकडे ०.५३ दाखवतो आणि दुसरीकडे ०.४७. चूक कोणाची?

कोणाचीच नाही, आणि या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, बाकी काही नाही वाचलं तरी एवढं वाचा.

बिटकॉइनच्या जुन्या पद्धतीच्या ऑप्शन्समध्ये, ज्यांना इन्व्हर्स म्हणतात, प्रीमियम (ऑप्शनची किंमत) डॉलरमध्ये नाही तर बिटकॉइनमध्येच भरायचा असतो. आपल्या उदाहरणातली ५,७१४ डॉलरची कॉल तुम्हाला ०.०५७१४ बिटकॉइनला मिळते. आता गंमत बघा, बिटकॉइनचा भाव वाढला तर कॉलची डॉलरमधली किंमत वाढते, पण ज्या नाण्यात ती मोजतोय ते नाणंही महाग होतं, त्यामुळे नाण्यात मोजलेला फायदा थोडा कमी भरतो. किती कमी? बरोबर प्रीमियमएवढा. ०.५२९ वजा ०.०५७, म्हणजे ०.४७१. पहिला झाला ब्लॅक-शोल्सचा डेल्टा, दुसरा प्रीमियम वजा करून आलेला डेल्टा.

डेरिबिटच्या टिकरमधला डेल्टा पहिल्या प्रकारचा आहे. ओकेएक्स या दुसऱ्या एक्स्चेंजच्या 'ऑप्ट समरी' नावाच्या एंडपॉइंटमध्ये (एपीआयच्या पत्त्यावर) दोन्ही जोड्या येतात, नुसतं 'डेल्टा' लिहिलंय तो नाण्यातला, आणि ज्याच्या शेपटाला 'बीएस' लागलंय तो डॉलरमधला. गॅमा, व्हेगा, थीटाचंही तसंच. डॉलरमध्ये व्हेगा ११४ असेल तर नाण्यात तो ०.००११४ च्या आसपास दिसतो, आणि लोक म्हणतात एपीआय बिघडलाय.

मग हेज (भावाचा धोका उलट्या सौद्यानं झाकणं) कुठल्यानं करायचं? तुमचा हिशोब डॉलरमध्ये आहे का बिटकॉइनमध्ये, त्यावर. प्रीमियम म्हणून मिळालेलं किंवा दिलेलं नाणंसुद्धा तुमच्याच खिशातलं आहे, ते धरलं का नाही एवढाच फरक. मला विचाराल तर, ज्याला महिन्याअखेर रुपये-डॉलरमध्ये नफा बघायचाय त्यानं पहिला डेल्टा घ्यावा आणि खात्यातल्या नाण्यांचा डेल्टा वेगळा मोजावा, म्हणजे डोकं शांत राहतं. एकाच शीटमध्ये दोन्ही प्रकार मिसळले तर मात्र प्रत्येक काँट्रॅक्टमागं प्रीमियमएवढं हेज चुकतं, डीप इन द मनी (स्ट्राइक भावाच्या खूप खाली असलेल्या) कॉलमध्ये ते फार मोठं होतं.

यूएसडीसीत (डॉलरशी बांधलेल्या नाण्यात) सेटल होणाऱ्या लिनियर ऑप्शन्सना हा घोळ नाही, तिथं प्रीमियमच डॉलरच्या नाण्यात असतो.

७. आयव्ही ५० येते का ०.५?

डेरिबिट ५० देतो. बायनान्स, बायबिट, ओकेएक्स ही एक्स्चेंज ०.५ देतात. सीसीएक्सटी यात फारशी लुडबुड करत नाही, जे आलं ते पुढं ढकलते. तेव्हा प्रत्येक एक्स्चेंजसाठी एक भागाकार स्वतः लिहा. 'पाचपेक्षा मोठी असेल तर १०० नं भाग' असला जुगाड करू नका, लहान नाण्यांची एक्स्पायरीच्या दिवशीची आयव्ही कुठंही जाऊ शकते.

जाता जाता, बऱ्याच एपीआयमध्ये आकडे स्ट्रिंग म्हणून येतात. दोन डेल्टांची बेरीज केली आणि उत्तर ०.५०.३ आलं तर समजून घ्या, आकड्यात बदलायचं राहिलं.

८. गॅमा कायम ०.००००३ किंवा ०.००००२ च का दिसतो?

कारण डेरिबिटच्या उत्तरात ग्रीक्स पाच दशांश स्थळांपर्यंत कापलेले असतात. डेल्टाला ते पुष्कळ झालं, व्हेगाला तर चैनच, पण बिटकॉइनचा गॅमा १ डॉलरच्या हालचालीमागं मोजतात म्हणून तो आधीच एवढासा. आपल्या उदाहरणातला ०.००००२७८ चा झाला ०.००००३, म्हणजे बसल्या जागी ८ टक्के चूक. लांबच्या स्ट्राइकला तर सरळ शून्य दिसतं. पन्नास स्ट्राइकचा गॅमा एकत्र करून 'गॅमा एक्स्पोजर'चे रंगीत चार्ट काढणारे मित्र आहेत माझे, त्यांना हे सांगितलं की चेहरा पडतो. उपाय एकच, मार्क आयव्ही घ्या आणि गॅमा स्वतः मोजा, कसा ते प्रश्न १० मध्ये.

९. सगळी चेन हवी आहे, पण मधेच 'टू मेनी रिक्वेस्ट्स' येतं.

बिटकॉइनच्या शेकडो स्ट्राइक असतात, एकेकीला फेच ग्रीक्स मारत बसलात तर दुसरं काय होणार. डेरिबिटवर क्रेडिटची पद्धत आहे, क्रेडिट संपलं की १००२८ नंबरची एरर येते. तिथं दोन रस्ते आहेत. 'गेट बुक समरी बाय करन्सी'ला करन्सी बीटीसी आणि काइंड ऑप्शन द्या, एकाच फेरीत सगळ्या स्ट्राइकची मार्क आयव्ही, अंडरलाइंग प्राइस, ओपन इंटरेस्ट (अजून उघडे असलेले सौदे) येतं. ग्रीक्स नाही येत! पण आयव्ही आली म्हणजे ग्रीक्स घरी शिजवता येतात, आणि प्रश्न ८ मुळे तसेही शिजवायचेच आहेत. माझा स्वतःचा रस्ता हाच, मिनिटाला एक फेरी, वर्षभर तक्रार नाही.

दुसरा रस्ता वेबसॉकेटचा (सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीचा). टिकर चॅनलला सबस्क्राइब केलंत की ग्रीक्स आपोआप येत राहतात, सेकंदासेकंदाला हवे असतील तर हाच घ्या. बायनान्सचा ऑप्शन्सचा 'मार्क' एंडपॉइंट आणि बायबिटचा ऑप्शन कॅटेगरीचा टिकर मात्र एका फेरीत सगळे ग्रीक्स देतात (ऱ्हो सोडून, आणि प्रश्न १ मध्ये म्हटलं तसं त्याचं दुःख नाही).

१०. स्वतः मोजायचे तर फॉर्म्युला कुठला, आणि माझं उत्तर एक्स्चेंजशी जुळत का नाही?

ब्लॅक-७६, म्हणजे फ्युचरवरचा ब्लॅक-शोल्स. आयव्ही गुणिले वर्षातल्या उरलेल्या वेळेचं वर्गमूळ, याला आपण 'रुंदी' म्हणू. उदाहरणात ती ०.५ गुणिले ०.२८६७, म्हणजे ०.१४३३. मग फ्युचर भागिले स्ट्राइकचा नॅचरल लॉग, त्याला रुंदीनं भागा, त्यात अर्धी रुंदी मिळवा, हा झाला डी-वन. व्याजदर शून्य धरला तर कॉलचा डेल्टा म्हणजे डी-वनपर्यंतचं नॉर्मल वितरणाचं क्षेत्रफळ. गॅमा म्हणजे डी-वनवरची नॉर्मल घनता भागिले (फ्युचर गुणिले रुंदी). पायथनमध्ये पाच ओळी होतात.

जुळत नसेल तर दहातल्या आठ वेळा तुम्ही इंडेक्स प्राइस वापरलीय. टिकरमध्ये इंडेक्स प्राइस आणि अंडरलाइंग प्राइस अशा दोन वेगळ्या किमती असतात. इंडेक्स म्हणजे स्पॉट. अंडरलाइंग म्हणजे त्याच एक्स्पायरीचं फ्युचर, आणि तसं फ्युचर लिस्टेड नसेल तर डेरिबिट मधलं काहीतरी गृहीत धरून बनवतो, त्याच्या नावाच्या सुरुवातीला 'सिन' दिसतं. सहा महिन्यांच्या एक्स्पायरीला स्पॉट आणि फ्युचरमध्ये हजारो डॉलरचं अंतर असू शकतं, मग डेल्टा कसा जुळेल. उरलेल्या दोन वेळा घोळ वेळेचा असतो, तो पुढच्या प्रश्नात.

तपासणीची सोपी खूण: एकाच स्ट्राइकच्या कॉल आणि पुटचा (पुट म्हणजे विकायचा हक्क) गॅमा सारखा आला पाहिजे, आणि कॉलच्या डेल्टातून पुटचा डेल्टा वजा केला की १ आला पाहिजे. ०.५२९ वजा उणे ०.४७१ म्हणजे १. नाही आला तर पुढं जाऊ नका.

११. एक्स्पायरीची वेळ कोणती धरायची?

डेरिबिटवर ०८:०० यूटीसी, म्हणजे आपल्या घड्याळात दुपारी दीड. दुबई, लंडन, न्यू जर्सीत बसून वाचणाऱ्यांनी आपापलं बघावं, किंवा सरळ गेट इन्स्ट्रुमेंट्समधला एक्स्पायरेशन टाइमस्टॅम्प घ्यावा, वादच नको. मी सुरुवातीला शहाणपणा केला होता, तारीख नावातून काढली, ८ वाजता जोडले आणि टाइमझोन लावायचा विसरलो, त्यामुळे लॅपटॉपनं ते सकाळचे भारतीय ८ धरले. लांबच्या एक्स्पायरींना साडेपाच तासांचा फरक कळलाही नाही, आठवडाभर मी खूश. एक्स्पायरीच्या दिवशी सकाळी ९ ला साडेचार तास बाकी असताना सगळे ग्रीक्स 'नॅन' (आकडाच नाही) झाले, कारण माझ्या हिशोबानं वेळ उणे एक तास होती आणि उणे आकड्याचं वर्गमूळ पायथनला कुठून मिळणार.

आणि वर्ष ३६५ दिवसांचं धरा, २५२ चं नाही. हा बाजार शनिवार-रविवार बंद होत नाही, दिवाळीतही नाही, थीटा रोज पडतो.

१२. भारतातल्या एक्स्चेंजवरचे ग्रीक्स मिळतात का?

डेल्टा एक्स्चेंज इंडियाच्या टिकर्स एंडपॉइंटला काँट्रॅक्ट टाइपमध्ये कॉल आणि पुट ऑप्शन्स दिले की एका फेरीत चेन येते आणि प्रत्येकात ग्रीक्सचा कप्पा असतो. (कंपनीचं नाव डेल्टा आणि आपण शोधतोय तो पण डेल्टा, कोडमधल्या व्हेरिएबलना नीट नावं द्या.) तिथली एक्स्पायरी संध्याकाळी साडेपाचला असते, डेरिबिटच्या चार तास नंतर, म्हणून 'आजच्या' दोन ऑप्शन्सचे ग्रीक्स शेजारी ठेवून तुलना करू नका, त्या वेगळ्या वस्तू आहेत. आणि तिथं बिटकॉइनचा एक लॉट ०.००१ बिटकॉइनचा, डेरिबिटवर एक काँट्रॅक्ट अख्ख्या बिटकॉइनचं.

१३. माझ्या पूर्ण पोझिशनचा डेल्टा कसा काढू?

टिकरमधले ग्रीक्स एका विकत घेतलेल्या युनिटचे असतात. तुम्ही विकली असेल तर उणे चिन्ह तुम्ही लावायचं, मग नग आणि लॉट साइजनं गुणायचं. उदाहरणातली कॉल ५०० लॉट विकली, लॉट ०.००१ चा, तर ०.५२९ गुणिले ०.५ म्हणजे उणे ०.२६ बिटकॉइन. लॉटनं गुणायला विसरून २६४ बिटकॉइनचं हेज काढणारा एक जण ग्रुपवर आहे, नशिबानं मार्जिन नव्हतं म्हणून ऑर्डर गेली नाही.

डेरिबिटवर हे काम प्रायव्हेट मेथड करून देतात, गेट पोझिशन्समध्ये प्रत्येक पोझिशनचे आणि अकाउंट समरीमध्ये सगळ्या ऑप्शन्सचे एकत्र. त्यासाठी की बनवताना फक्त वाचायची परवानगी द्या, पैसे काढायची कधीच नाही.

१४. मागच्या वर्षीचे ग्रीक्स कुठून मिळतील?

डेरिबिटचा पब्लिक टिकर आत्ताचं सांगतो, गेल्या मंगळवारचं नाही. फुकटात हवं असेल तर जुन्या ट्रेड्सचा इतिहास मागवा, त्यात प्रत्येक ट्रेडसोबत आयव्ही आणि इंडेक्स प्राइस असते, त्यावरून प्रश्न १० प्रमाणे मोजा, फक्त तिथं फ्युचरची किंमत वेगळी जुळवावी लागते. तयार हवं असेल तर टार्डिस या डेटा विकणाऱ्या सेवेकडे ग्रीक्ससकट ऑप्शन चेनच्या सीएसव्ही आहेत, पैसे पडतात, पण प्रत्येक महिन्याच्या १ तारखेचा डेटा फुकट उतरवता येतो. बॅकटेस्टचा कोड लिहून बघायला तो पुरतो. आणि आजपासून स्वतः साठवायला लागा, प्रश्न ९ मधली मिनिटाची फेरी डिस्कवर लिहिली की झालं.

१५. बिड आयव्ही शून्य आहे पण मार्क आयव्ही ६२. कुठली खरी?

बिड नाहीये, म्हणून शून्य. मार्क आयव्ही एक्स्चेंजनं आजूबाजूच्या स्ट्राइकवरून ओढलेल्या वक्ररेषेवरची असते, त्या भावाला घेणारा कुणी उभा असेलच असं नाही. ग्रीक्स मार्क आयव्हीवरून मोजलेले असतात, त्यामुळे तेही तेवढेच कागदी. मार्जिन मात्र मार्कवरच लागतं, म्हणून दुर्लक्षही करता येत नाही.

१६. डेल्टा ०.५३ म्हणजे ५३ टक्के शक्यता, बरोबर ना?

नाही, जवळपास. मॉडेलच्या हिशोबानं कॉल इन द मनी संपायची शक्यता डी-टूवरून येते, आणि डी-टू म्हणजे डी-वन वजा रुंदी. आपल्या उदाहरणात ती ४७ टक्के. प्रश्न ६ मधला ०.४७१ आठवला असेल, स्ट्राइक आणि फ्युचर सारखे असले की हे दोन आकडे एकच येतात. आयव्ही जितकी जास्त आणि एक्स्पायरी जितकी लांब, तितकी डेल्टा आणि शक्यतेची फारकत मोठी, म्हणून निफ्टीत चालून जाणारा हा ठोकताळा इथं महाग पडतो.

१७. डीव्हॉल हा पण ग्रीकच का?

नाही, तो डेरिबिटचा पुढच्या ३० दिवसांच्या अपेक्षित चढउताराचा इंडेक्स, इंडिया व्हिक्सचा भाऊ म्हणा. १९.१ नं भागला की रोजची हालचाल मिळते, ५० असेल तर २.६ टक्के. तुमच्या स्ट्राइकचा व्हेगा मोजायला तो वापरू नका, तिथं त्या स्ट्राइकचीच मार्क आयव्ही हवी.

१८. एक्स्पायरीच्या शेवटच्या तासात ग्रीक्स वेड्यासारखे उड्या मारतात. स्क्रिप्ट बंद करू का?

उड्या खऱ्या आहेत. तोच १ लाखाचा स्ट्राइक, तीच आयव्ही, पण ३० दिवसांऐवजी एक तास उरला तर गॅमा २७ पट होतो, ०.०००७५ च्या घरात. १०० डॉलरची हालचाल झाली की डेल्टा ०.०७ नं सरकतो, आणि बिटकॉइनला १०० डॉलर म्हणजे शिंक. तुम्ही मिनिटाला एक फेरी करत असाल तर आलेला डेल्टा शिळाच असतो, टाइमस्टॅम्प बघून ठरवा.

त्यात डेरिबिटची आणखी एक भानगड, सेटलमेंट शेवटच्या क्षणाच्या भावावर होत नाही, एक्स्पायरीआधीच्या ३० मिनिटांच्या इंडेक्सच्या सरासरीवर होते. एक वाजून वीस मिनिटांनी त्यातली वीस मिनिटं आधीच जमा झालेली असतात, भाव आता कितीही नाचला तरी सरासरी तिसऱ्या हिश्श्यानंच हलणार. साधा ब्लॅक-७६ हे धरत नाही, त्यामुळे त्या अर्ध्या तासात घरी शिजवलेला गॅमा खऱ्याशी जुळत नाही. मी स्क्रिप्ट चालू ठेवतो, पण एक वाजता ऑटो-हेजचं बटण बंद करतो.